थांबणाऱ्यांचा ओटा

वैशाख लागला की माझ्या टेबलावर बसथांबे येतात. पाऊस सुरू व्हायच्या आत कामं उरकायची म्हणून सगळे कागद याच दिवसांत धावत सुटतात, आणि पुण्यातल्या ज्या लहानशा ऑफिसात मी नकाशे काढते तिथे थांब्यांच्या नकाशांची चळत लागते. यंदाच्या कागदात एक रकाना होता : ‘प्रवाशाचा थांबण्याचा वेळ’. मी पेन्सिल धरून त्याच्याकडे बघत बसले. शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, “मॅडम, पंधरा मिनिटं टाका. सगळे तेच टाकतात.” मी टाकली. बाहेर डांबर मऊ झालं होतं, ऑफिसचा पंखा गरम वारा ढवळत होता, आणि मला एकदम बोरीच्या ओट्याचा गारवा आठवला. पंधरा मिनिटं! आमच्या ओट्यावर माणसं अख्खी दुपार थांबायची. एक बाई तर आमच्या घरचं पाणी प्यायला जवळजवळ दोन महिने थांबली.

आमचं घर बोरी बुद्रुकला, गावाबाहेरच्या वस्तीत. वस्ती गावाबाहेर का, हे मराठी वाचणाऱ्याला समजावून सांगायला नको. आजोबांनी धम्म घेतला, देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर आली, पण घर होतं तिथंच राहिलं. मग कधीतरी नारायणगावकडे जाणारा रस्ता पक्का झाला आणि तो नेमका वस्तीच्या अंगावरून गेला. आता गावाला गाडी धरायची तर आमच्या दारात येणं भाग होतं. ज्यांना लांब ठेवलं तेच सगळ्यांत पुढं, असा उफराटा न्याय झाला. दादा, म्हणजे माझे वडील, मिशीत हसून म्हणायचे, “आपण न्हाई गेलो गावात, गावच चालत आलं बघ.”

दादा मातीचे गवंडी. सिमेंटची कामंही करायचे, पण मातीच्या कामाला हात लावला की त्यांची चालच बदलायची. पांढऱ्या मातीत गव्हाचं काड घालून ती भिजवायची, तुडवायची, परत भिजवायची. आठवड्याभरानं तिला आंबूस वास सुटला की दादा चिमूटभर माती बोटांत चोळून म्हणायचे, “आता ऐकंल ही.” आमच्या घराच्या भिंती त्यांनी दीड हात रुंद घातल्या होत्या. वर कौलं, आणि रस्त्याच्या बाजूला कौलांची उतरण अशी पुढं काढलेली, की खालचा ओटा दिवसभर सावलीत राहावा. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन असलं तरी ओट्यावर पाठ टेकली की भिंतीचा थंडावा कपड्यांतून आत शिरायचा. आज या गोष्टीला आमच्या धंद्यात फार मोठी मोठी नावं आहेत. दादांना त्यातलं एकही ठाऊक नव्हतं.

ओट्याच्या एका टोकाला त्यांनी छातीइतका उंच चौथरा घातला होता. त्याला आम्ही टेकण म्हणायचो. डोक्यावर पाटी किंवा भारा घेऊन आलेल्या माणसानं तिथं पाठमोरं न होता, न वाकता ओझं सरकवून ठेवायचं आणि गाडी आली की तसंच परत डोक्यावर ओढून घ्यायचं. दुसऱ्याच्या हाताची गरज नाही. यावरून आईचं आणि दादांचं बिनसायचं. जड ओझं एकट्यानं डोक्यावर चढत नाही, कुणाला तरी ‘हात लावा’ म्हणावं लागतं. आमची आजी म्हणे एकदा सरपणाचा भारा समोर ठेवून दिवस कलेपर्यंत बांधावर उभी होती, कारण जाणाऱ्या-येणाऱ्यांतलं कुणी तिच्या भाऱ्याला शिवायला तयार नव्हतं. म्हणून दादांचं म्हणणं असं, “मागायची येळच येऊ नये. मागितलं न्हाई तर कोन नाय म्हननार?” आणि आई म्हणायची, “आन मागितलंच न्हाई, तर हो तरी कोन म्हननार?” या भांडणात मी कुणाच्या बाजूची, हे मला तेव्हा ठरवता यायचं नाही. अजूनही नीट येत नाही.

तो उन्हाळा नव्वदच्या दशकाच्या मधला. मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, म्हणजे दिवसभर ओट्यावर लोळत होते. टोमॅटोचा हंगाम जोरात होता. मळ्यांमधून नारायणगावच्या बाजाराकडे टेम्पो भरभरून जायचे आणि त्यांच्यामागं रस्त्यावर एखाददुसरा फुटका टोमॅटो पडलेला असायचा. तोडणीवरून येणाऱ्या बायांच्या हातांना टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा, उग्र वास असे. हात धुतले तरी तो जायचा नाही. लिंबाचा मोहोर गळून ओट्यावर बारीक कचरा व्हायचा. आई दर चार दिवसांनी ओटा सारवायची, आणि ओल्या सारवणावर कुणी बसू नये म्हणून मला राखणीला बसवायची. मी कोरड्या कडेवर पाय वर घेऊन बसत असे आणि लांबून येणाऱ्या जीपचा आवाज ओळखायचा खेळ खेळत असे.

एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही मनात आलं तर. खरी भिस्त जीपवर. जीपमध्ये माणसं नसायची, शिटा असायच्या. “किती शिटा हायेत रं?” जीपवाला लांबूनच विचारायचा. आमच्याकडचा सरपंचसुद्धा जीपमध्ये शिट आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला माझा चुलताही शिट. घरात, देवळात, पंगतीत जे कुणाला जमलं नाही ते त्या जीपवाल्यानं मागच्या बाकड्यावर करून दाखवलं होतं. “सरका वो पावणं, अजून एक शिट बसतंय,” म्हणत तो माणसांना असा दाबून बसवायचा की कोण कुणाला शिवलं याचा हिशेब ठेवायला जागाच उरायची नाही. पण जीप येईपर्यंत जो वेळ असायचा, त्या वेळात मात्र जो तो आपापल्या जातीत असायचा. पुरुष रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभे. बाया उन्हात पदर डोक्यावर ओढून. ओटा रिकामा, सावलीत, वारा खात पडलेला.

आईला ते सहन व्हायचं नाही. “येवढा ओटा काय मांजरांसाठी घातलाय का?” ती दादांवर चिडायची. तिनं ओट्यावर माठ मांडला. वर तांब्या उपडा घातला. कुकडीच्या काठाला आमच्याकडे एक राखेसारखी मऊ पांढरी माती लागते. कॉलेजची माणसं लांबून येऊन ती पिशव्यांत भरून न्यायची. समुद्रापारच्या कुठल्याशा ज्वालामुखीची जुनी राख आहे म्हणायची. आई त्या राखेनं तांब्या घासायची. तो असा लखलखायचा की रस्त्यापलीकडून दिसावा. तोच तिचा डाव होता.

ठकूबाई मळ्यातली. पन्नाशीची, काटक, कपाळाला मोठं कुंकू, आणि जीभ तिखट. बाजाराच्या दिवशी मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन ती यायची. पहिले दोन बाजार ती पाटी डोक्यावर तशीच घेऊन उन्हात उभी राहिली. तिसऱ्या बाजाराला पाटी टेकणावर ठेवली आणि स्वतः खाली उभी राहिली. त्यानंतर ओट्याच्या कडेला टेकली, पण पदर खाली अंथरून. आई घरातून फटीतून बघायची आणि माझ्या कानात सांगायची, “आज पदर न्हाई अंथरला, बग.” आमच्या घरात माझ्या निकालाची कुणी इतकी वाट बघत नव्हतं जितकी ठकूबाईच्या पुढच्या पावलाची.

मग एक दिवस ठकूबाईनं पाणी मागितलं. ओंजळ करून ती ओट्याखाली वाकली आणि म्हणाली, “वत गं बाई वरून.” आई तांब्या भरून घेऊन आली होती. ती थबकली. वरून पाणी. लहानपणापासून आईनं विहिरीवर, मळ्यात, लग्नाच्या मांडवाबाहेर असंच वरून ओतलेलं पाणी प्यायलं होतं. तेच आता खालून मागितलं जात होतं, आणि मागणाऱ्या बाईला त्यात काही वावगं दिसतसुद्धा नव्हतं. ती मनानं वाईट नव्हती. तिला पाणी प्यायची तेवढीच रीत माहीत होती.

आई म्हणाली, “तांब्या घ्या हातात. ओंजळीत मी न्हाई वतायची.”

“अगं, तान लागलीया.”

“मग घ्या की. तांब्या काय चावतोय?”

ठकूबाईनं ओंजळ सोडली, पदरानं तोंड पुसलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. आई घरात आली. “तानलेल्या माणसाला मी पानी दिलं न्हाई,” ती दादांना म्हणाली. दादा म्हणाले, “माठ भरून ठिव.” पुढचे तीन बाजार ठकूबाई आली, ओट्यावर बसली, पाण्याकडे पाहिलं नाही. आई रोज तांब्या घासत राहिली. मला दोघींचाही राग यायचा.

त्यानंतर लग्नसराईची मोठी तीथ आली. तालुक्यातल्या सगळ्या जीपा वऱ्हाडं ओढायला गेल्या. ठकूबाई सकाळी येऊन बसली, दहा वाजले, बारा वाजले, जीपचा पत्ता नाही. मेथी मान टाकायला लागली तसं तिनं तिच्यावर ओलं फडकं घातलं. एक-दोन माणसं कंटाळून परत गेली. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, बसल्या बसल्या कलंडली आणि तिला गाढ झोप लागली. घोरायलाही लागली. आमच्या भिंतीचा गारवा होताच तसा. आईनं मला बोटानं गप्प राहायला खुणावलं आणि घरातला रेडिओ बंद केला.

ठकूबाई जागी झाली तेव्हा दुपार कलली होती. क्षणभर आपण कुठं आहोत ते तिला कळलं नसावं. ती उठली, माठाशी गेली, तांब्या बुडवला आणि तोंडाला लावून घटाघटा प्यायली. अर्धा तांब्या संपल्यावर ती थांबली. दारात आई उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ठकूबाईनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, तांब्या उपडा घातला आणि म्हणाली, “गार हाय गं पानी.” मग टेकणावरची पाटी पुढ्यात, जमिनीवर उतरवून घेतली. आधी मला कळेना, की ही बाई असं उलटं का करतेय. तिनं आईकडे पाहून म्हटलं, “हात लाव गं जरा. डोक्यावर चढत न्हाई.” आईनं हात लावला. पाटी डोक्यावर घेऊन ठकूबाई बाजाराला नाही, परत मळ्याकडे गेली. बाजार केव्हाच उठला होता. आई मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली. दादा म्हणाले, “रडतीस का हसतीस, ते तरी सांग.”

माझा निकालही त्याच सुमारास लागला. पास झाले एवढं आठवतं.

पुढची दहा-बारा वर्षं ओटा भरलेला असायचा. ठकूबाईमागून तिच्या जावा आल्या, मग कुणी कुणी आलं. ठकूबाई बाजार नसला तरी यायची. राजुरीला दिलेल्या लेकीच्या सासूच्या कागाळ्या सांगायची, आईचं तंबाखूचं व्यसन सोडवायला यायची आणि स्वतःच मिसरी लावून जायची. जीप आली तरी उठायची नाही. “जाऊ दे, दुसरी येईल,” म्हणायची. मी तोवर पुण्याला डिप्लोमाला गेले होते. सुट्टीत आले की ओट्यावर तिचा आवाज ऐकू यायचा आणि मला घरी आल्यासारखं वाटायचं. या मधल्या काळात दादा गेले. त्या दिवशी मात्र ठकूबाई ओट्यावर नव्हती. आत होती, आईच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून.

आता माझी करणी. दोन हजार सालानंतर वस्तीत एकेक स्लॅबचं घर उठू लागलं आणि आईच्या मनानं स्लॅब घेतला. मी त्याला कधीच नावं ठेवणार नाही. पावसाळ्यात गळतीखाली भांडी मांडून रात्र काढणारीनं पक्क्या छपराची हौस धरली तर शहरातल्यांनी तिला मातीचे गोडवे सांगू नयेत. घराचा नकाशा अर्थातच मी काढला. रस्ता रुंद होणार होता, ओटा त्याच्या हद्दीत जात होता, तो पाडावा लागला. इथपर्यंतही माझी चूक नाही. ओटा चार हात आत घेता आला असता. तो कागद आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी पट्टी ठेवली आणि रस्त्याच्या कडेनं एक सरळ रेघ ओढली : कंपाउंड. मधे लोखंडी गेट, आतून कडी. शहरात राहून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की घर जिथं संपतं तिथं भिंत असते. पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर निदान आपल्या पायावर पाडावा, मी आईच्या पायावर पाडला.

घर झालं, पेढे वाटले. त्यानंतर ठकूबाई एकदाच आली. पाटी डोक्यावर होती, दोन्ही हात पाटीला. तिनं गेटबाहेरून हाका मारल्या. आत मी आईला हौसेनं घेऊन दिलेला मिक्सर चालू होता. डोक्यावर ओझं असलेल्या बाईनं आतली कडी कशी काढायची, याचा विचार मी केला नव्हता. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. हे आईला पुढं कितीतरी दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आईनं मला बोल लावला नाही. फोनवर फक्त म्हणाली, “ठकू आली व्हती म्हनं. मला ऐकूच न्हाई आलं.”

त्याच सुमारास मी एका मोठ्या हॉलमध्ये व्याख्यानाला गेले होते. शाश्वत बांधकाम असा विषय. थंडगार हॉल, पडद्यावर मातीच्या घरांचे फोटो. एका फोटोत रस्त्याकडेचा ओटा आला आणि वक्ते म्हणाले, घर आणि रस्ता यांच्यामधली ही जागा आपण हरवून बसलो आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिले. मला दादांची इतकी आठवण आली की पुढचं काही ऐकू आलं नाही.

तर यंदाच्या वैशाखात तो पंधरा मिनिटांचा रकाना भरला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बोरीला गेले. सोबत नवा नकाशा नेला होता. कंपाउंड पाडायचं, गेट काढायचं, आत सरकवून ओटा घालायचा, मातीचाच. नारायणगावच्या पुढं रस्त्यानं मोटारसायकलींची रांग होती. आमच्या घरापासून पन्नास पावलांवर पत्र्याचा थांबा उभा केलाय. पत्रा इतका तापतो की त्याच्याखाली शेळ्यादेखील बसत नाहीत.

आईनं नकाशा नीट पाहिला. चष्मा काढून परत लावला. “छान काढलाय,” म्हणाली. “पन थांबायला येनार कोन? पोरासोरांकडं समद्यांकडं गाड्या झाल्यात. दोन मिनिटं कुनी थांबत न्हाई आता.”

“ठकूमावशी येतील की.”

“ठकूचं गुडघं गेलं. राजुरीला लेकीकडं असती. भित पाडली म्हून ती चालत येनार हाय व्हय?” नकाशाची घडी घालून तिनं माझ्या हातात दिली आणि उठून लुगडं बदलायला गेली.

“कुठं निघालीस?”

“राजुरीला. कवाधरनं मनात व्हतं. तू आलीस, घराला मानूस हाय आज.”

“मग चल, मी गाडीनं सोडते. गाडी दारात आहे.”

“नको,” आई म्हणाली. “जीपनं जाते. जलमभर ह्या दारात मी दुसऱ्यांना जीपमधी बसवलं. मी कुटं बसले?”

मी तिला गेटपर्यंत सोडायला गेले, ते तिच्याबरोबर बाहेरच उभी राहिले. दुपारचे बारा. कंपाउंडच्या भिंतीला चिमूटभर सावली नव्हती आणि टेकायला जावं तर ती चटका देत होती. आई डोक्यावर पदर घेऊन उभी. मी दोनदा म्हटलं, आत जाऊन बसू, आवाज आला की येऊ. ती म्हणाली, “वाट बगायची तर रस्त्यावर बगावी.” अर्ध्या-पाऊण तासानं आळेफाट्याकडे जाणारी एक जीप आली, मागं दोघं लोंबकळत होते. मी हात केला.

जीपवाला मान बाहेर काढून म्हणाला, “एकच शिट बसंल, मावशी. फाट्यावर राजुरीची गाडी मिळंल.”

मी म्हणणार होते की जाऊ दे, दुसरी येईल. पण तोवर आतून कुणीतरी हात पुढं केला होता आणि आईनं तो धरलाही होता. “सरका वो जरा,” ती म्हणाली. बाया हसल्या, सरकल्या. ती दोघींच्या मधे घट्ट बसली, आणि जीप हलायच्या आधीच शेजारणीशी बोलायला लागली, तू कुणाची, कुठल्या गावची.

“संगे, जेवून घे. मी सांजच्याला येते,” एवढं तिनं आतूनच सांगितलं.

जीप गेली. मी उन्हात, मीच काढलेल्या भिंतीपुढं उभी होते. आईनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं एकदा तरी पाहावं, असं मला फार फार वाटत होतं.